पाणी कुठून शिरणार हे कॉम्प्युटरला कसं कळतं? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की शहरात पूर आला तर पाणी कुठून शिरेल, किती चढेल हे आता कॉम्प्युटरवर आधी बघता येतं, आणि त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. मी सिव्हिलवाला, त्यातही हायड्रॉलिक्सचा, बरीच वर्षं हेच काम करतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, राहून गेलेल्यांनी माफ करावं.

प्रश्न: आम्ही सिंहगड रोडला एकतानगरीजवळ राहतो. २५ जुलै २०२४ ला झोपेतून उठलो तर पार्किंगमध्ये पाणी आणि ते चढतच होतं. गाड्या काढायला पण वेळ मिळाला नाही. असं पाणी कॉम्प्युटरला आधी कसं काय कळणार? — एक वाचक, पुणे

त्या दिवशी तुमच्यावर काय वेळ आली असेल याची मला कल्पना आहे. आता नीट सांगतो, थोडं लांबेल.

तुमच्या भागाचा नकाशा घ्या आणि त्यावर फरशा बसवल्यात असं समजा, एकेक फरशी ५ मीटर बाय ५ मीटर. प्रत्येक फरशीची दोन गोष्टींची नोंद लागते, जमिनीची उंची किती आणि पृष्ठभाग किती खरबरीत, म्हणजे डांबरी रस्ता की गवत की झाडोरा, कारण काँक्रीटवरून पाणी सुळकन जातं आणि झुडपातून अडखळत जातं. आता एका फरशीवर पाणी आलं की कॉम्प्युटर शेजारच्या चारही फरशांकडे बघतो, कुणाची पाण्याची पातळी खाली आहे, आणि तिकडे किती पाणी किती वेगाने जाईल ते काढतो. इथे जमिनीची पातळी नाही, पाण्याच्या वरच्या पृष्ठभागाची पातळी बघायची असते, म्हणूनच भरलेलं पाणी चढावर पण चढतं आणि लोकांना वाटतं हे उलटं कसं काय आलं. नियम दोनच आहेत हो. एक, पाणी कुठे नाहीसं होत नाही, आलेलं वजा गेलेलं म्हणजे साठलेलं. दोन, उतार आणि मागचं पाणी त्याला ढकलतं आणि जमीन त्याला घासून थांबवते, या ओढाताणीतून वेग ठरतो. सां व्हेनां नावाच्या फ्रेंच इंजिनियरने १८७१ मध्ये ही समीकरणं मांडली, आणि घासण्याचा हिशोब आपण अजूनही मॅनिंग या आयरिश इंजिनियरच्या १८८९ च्या सूत्राने करतो. म्हणजे गणित जुनंच आहे, फक्त ते हाताने करणं कुणाच्या बापाच्याने शक्य नव्हतं. २ मीटरच्या फरशा घेतल्या तर एका चौरस किलोमीटरला अडीच लाख फरशा होतात, आणि हिशोब दर अर्ध्या सेकंदाच्याही आत पुन्हा करावा लागतो, नाहीतर लाट एका उडीत फरशी ओलांडून जाते आणि आकडे वेडेवाकडे यायला लागतात. सहा तासांच्या पुराला असे पन्नास हजारच्या वर फेरे. फरशीची बाजू निम्मी केली की फरशा चौपट आणि फेरे दुप्पट, म्हणजे काम आठपट. आता ग्राफिक्स कार्ड आल्यापासून हे बरंच सोपं झालंय, पूर्वी रात्रभर मशीन चालू ठेवून सकाळी ऑफिसला आलं की बंद पडलेलं दिसायचं.

आता तुमच्या घराचं. त्या दिवशी खडकवासल्यातून विसर्ग साधारण ३५ हजार क्युसेकपर्यंत गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे सेकंदाला जवळपास १० लाख लिटर पाणी. आता पूररेषा, म्हणजे ठरावीक मोठ्या पुराचं पाणी कुठवर पोचेल ती नकाशावर आखलेली हद्द, निळी २५ वर्षांच्या पुराची आणि लाल १०० वर्षांच्या. पुण्यात मुठेची निळी पूररेषा आखलीय ती ६० हजार क्युसेकला, लाल रेषा १ लाखाला. बघा, निळ्या रेषेच्या हिशोबापेक्षा बरंच कमी पाणी आलं तरी तुमच्याकडे घरात शिरलं. असं असताना मॉडेलचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या या सगळ्या हिशोबाचा, खरा उपयोग काय तर तक्ता. १० हजारला कुठली गल्ली, २० हजारला कुठलं पार्किंग, ३५ हजारला कुठला मजला, आणि धरणातून पाणी निघाल्यापासून किती मिनिटांत. हा तक्ता निवांत उन्हाळ्यात करून ठेवायचा असतो आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायचा असतो, कारण पहाटे तीनला विसर्ग वाढवला तेव्हा मॉडेल चालवत बसायला वेळ नसतो, तक्ता वाचायला असतो.

अजून एक, बऱ्याच जणांनी लिहिलंय की पाणी नदीकडून यायच्या आधीच चेंबरमधून वर आलं. बरोबर आहे तुमचं निरीक्षण. नदी भरली की तिच्यात सुटणारी पावसाळी गटारं उलटी वाहायला लागतात, आणि जमिनीवरचं मॉडेल खालच्या पाइपच्या मॉडेलला जोडलेलं नसेल तर त्याला हे दिसतच नाही, ते म्हणतं अजून पाणी यायला वेळ आहे आणि तुमच्या गाड्या तर बुडालेल्या असतात.

प्रश्न: नालेसफाई होते, पंप बसतात, मुंबईचं मॉडेलही केलंय म्हणतात, मग हिंदमाताला पाणी तुंबतंच कसं? मी लहानपणापासून बघतेय. — एक वाचक, परळ

ताई, मॉडेल पाणी उपसत नाही, ते फक्त सांगतं. पण तुमचा प्रश्न रास्त आहे.

हिंदमाताचा चौक म्हणजे बशी आहे, आजूबाजूचं सगळं पाणी उताराने तिथे येतं आणि तिथून पुढे जायला पाइपात उतार फार कमी. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने केलेली, त्यातही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरलेलं, तेव्हा मोकळी जमीन होती म्हणून ते चुकीचंही नव्हतं. आता मुरायला जागाच राहिली नाही. मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत न्या असं सुचवलं आणि २००५ च्या पुरानंतर त्या कामांना खरा वेग आला. साधा हिशोब करून बघा, एक हेक्टर जागेवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि काहीच मुरत नाही, तर सेकंदाला सुमारे १४० लिटर पाणी फक्त एका हेक्टरचं. असे शेकडो हेक्टर एका नाल्यावर.

आणि वर भरती. समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली की गेट बंद करावे लागतात, नाहीतर समुद्रच आत येईल, आणि तेव्हा पाणी बाहेर फेकायला फक्त पंप. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध ही पंपिंग स्टेशनं त्यासाठीच. म्हणून मुंबईच्या मॉडेलला नुसता पाऊस घालून चालत नाही, भरतीचं वेळापत्रक मिनिटामिनिटाने घालावं लागतं. तोच पाऊस ओहोटीला पडला तर तासाभरात रस्ता कोरडा आणि भरतीला पडला तर बसा पाण्यात.

२६ जुलै २००५ मी कधीच विसरणार नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७४ च्या आसपास. एकाच शहरात! हवामान खात्याची मोजणारी मोठी केंद्रं तेव्हा शहरात ही दोनच, म्हणजे मधल्या भागात कुठे किती पडला हे नक्की सांगणारं फार थोडं होतं, आणि पावसाचा आकडाच नीट नसेल तर जगातलं भारी मॉडेल घेऊन काय करणार. त्या दिवशी दुपारी भरतीही होती, जवळपास साडेचार मीटरची. मिठी नदीला वर विहार आणि पवईचं पाणी, मध्ये विमानतळाच्या धावपट्टीखालून जाणारा बोळ, दोन्ही काठांवर वस्ती, आणि खाली माहीमच्या खाडीत समुद्र चढलेला. तिने जायचं कुठे? त्यानंतर महापालिकेने स्वयंचलित पर्जन्यमापकांचं जाळं उभं केलं, त्यामुळे आता कुठल्या भागात दर पंधरा मिनिटांना किती पडला ते समजतं, माझ्या मते त्या पुरातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम. जून २०२० मध्ये आयफ्लोज-मुंबई ही पुराचा इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली, केंद्राचं पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिका दोघांची, त्यात पावसाचा अंदाज, नद्या-नाले, भरती आणि सखल भाग हे सगळं एकत्र जोडलंय.

हिंदमातासाठी पाणी साठवायच्या जमिनीखालच्या टाक्या केल्यात, दादरला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळला झेवियर्स मैदानाखाली. कल्पना चांगली आहे, जोराचा तासभर पाऊस टाकीत घ्यायचा आणि ओहोटीला सोडायचा. पण टाकीला माप असतं, ती भरली की पुढचं पाणी पुन्हा रस्त्यावर. किती तासांच्या पावसाला किती वेळात भरेल हे मॉडेल बरोबर सांगू शकतं आणि ते तुम्हाला, तिथल्या दुकानदारांना, आधी कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणतात. आमच्याकडे २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर आले. मग मॉडेल खोटं का? — एक वाचक, सांगली

शब्दच फसवा आहे, दोष तुमचा नाही. १०० वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी येण्याची शक्यता १ टक्का, यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. २५ वर्षांचा म्हणजे दर वर्षी ४ टक्के. आता घराचं कर्ज ३० वर्षांचं धरा, तेवढ्या काळात २५ वर्षांचा पूर निदान एकदा तरी यायची शक्यता ७० टक्के निघते आणि १०० वर्षांचा २६ टक्के. म्हणजे चारात एक. या रेषा मागच्या नोंदींवरून काढलेल्या असतात, मोठे पूर लागोपाठ आले की हिशोब पुन्हा करावा लागतो आणि तो करायलाच हवा.

सांगलीचं पाणी मुंबईसारखं धावत येत नाही, हळूहळू चढतं आणि दिवसेंदिवस हलत नाही. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर होतं. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, ती भरलेली असली की कृष्णेला पुढे वाट मिळत नाही आणि फुगवटा मागे शहरात येतो. त्यामुळे सांगलीचं मॉडेल फक्त सांगलीचं करून उपयोग नाही, कोयनेपासून खाली बरंच लांबपर्यंत एकच करावं लागतं.

प्रश्न: बीई सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाशिकच्या एका नाल्याचं पुराचं मॉडेल प्रोजेक्टला घेतोय. सॉफ्टवेअर फुकट मिळेल का, आणि जमिनीच्या उंचीचा डेटा उपग्रहाचा चालेल का? — एक विद्यार्थी

सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हेक-रास अमेरिकन सैन्याच्या इंजिनियर विभागाचं आहे, २०१६ पासून त्यात टू-डी, म्हणजे वर सांगितलेल्या फरशांचं मॉडेल पण करता येतं, आणि पाइपांसाठी एसडब्ल्यूएमएम (SWMM), ते १९७१ पासूनचं. दोन्ही शिकायला सोपी आहेत. अडचण तुझ्या दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि मित्रा, तिथेच सगळं अडतं.

फुकट मिळणारा एसआरटीएम डेटा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेला. ३० मीटरची फरशी. तेवढ्यात तुझा नाला, दोन्ही काठ, रस्ता आणि समोरची चाळ सगळं एकाच फरशीत बसेल! शिवाय उंची पूर्ण मीटरमध्ये लिहिलेली आणि चूक काही मीटरची. रडारला जमीन दिसत नाही तर झाडांचे शेंडे आणि घरांची छपरं दिसतात, त्यामुळे दाट वस्ती टेकडीसारखी दिसते आणि मॉडेलमध्ये पाणी तिला वळसा घालून जातं. आपल्याला काय शोधायचंय तर गुडघाभर पाणी, अर्धा मीटर. मीटरच्या पट्टीने सुई मोजण्यासारखं आहे हे. मोठ्या नदीच्या मोठ्या पुराचा अंदाज त्यावर येईल, गल्लीचा नाही. लायडार म्हणजे विमानातून लेझरने मोजलेली उंची, ती १०-१५ सेंटिमीटरपर्यंत बरोबर असते, ती मिळाली तर सोनं. नाही मिळाली तर लेव्हल मशीन घेऊन दोन मित्रांबरोबर नाल्याच्या काठाने चाल, दर २० मीटरला आडवा छेद घे, आठ दिवस जातील पण प्रोजेक्ट खरा होईल.

आणि मोऱ्या स्वतः डोळ्यांनी बघ. एका गावाचं काम करताना मला मिळालेल्या ड्रॉइंगवर एका रस्त्याखाली तीन पाइप दाखवलेले, मी तसेच घातले, मॉडेलमध्ये पाणी सुरळीत निघून गेलं आणि मी रिपोर्ट दिला. त्याच पावसाळ्यात तो रस्ता पाण्याखाली. जाऊन बघतो तर एक पाइप गाळाने गच्च, दुसऱ्यातून पाण्याची मोठी लाइन आडवी नेलेली, चालू फक्त एक. ड्रॉइंग देणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग, साइटवर मी गेलो नव्हतो. त्या दिवसापासून मी एकही मोरी न बघता मॉडेलमध्ये घालत नाही.

बिल्डिंग कशा दाखवायच्या हे पण तू विचारलंयस. घराची जागा जाळ्यातून कापून टाकायची, किंवा तेवढ्या फरशा उंच करायच्या, किंवा तिथे घर्षण खूप जास्त द्यायचं, तिन्ही प्रकार चालतात. पहिल्या दोघांत गल्लीतला वेग जास्त खरा येतो पण पार्किंगमध्ये साठणारं पाणी हरवतं, तिसऱ्यात उलट. मात्र फरशी गल्लीच्या रुंदीपेक्षा मोठी नको, ३ मीटरची बोळ आणि १० मीटरची फरशी घेतलीस तर बोळ बुजलीच म्हणून समज.

कंपाउंड भिंती विसरू नकोस. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी भागात भिंती कोसळून माणसं गेली. अशी भिंत आधी धरणासारखं पाणी अडवते, एका बाजूला दीड मीटर, दुसऱ्या बाजूला कोरडं, आणि मग पडते ती एकदम, आणि मागचं सगळं पाणी एका दमात घरांवर. बहुतेक मॉडेलमध्ये या भिंती नसतातच, कारण त्या जेमतेम २३ सेंटिमीटरच्या, कुठल्याच फरशीत मावत नाहीत. त्या रेषा म्हणून वेगळ्या काढून घालाव्या लागतात. तुझ्या नाल्याच्या काठी अशा भिंती असतील तर एकदा भिंत आहे असं धरून आणि एकदा पडली असं धरून, दोन्ही वेळा चालवून बघ. प्रोजेक्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं पान तेच असेल.

प्रश्न: पुराच्या पाण्यात एवढी मोठी कार कशी वाहून जाते? — इयत्ता आठवी, ठाणे

बाळा, तू स्वतःच हिशोब कर. कारची लांबी ४ मीटर आणि रुंदी १.७ मीटर धर, म्हणजे तळ साधारण ६.८ चौरस मीटर. कारचं वजन १००० किलो. तेवढं वजन उचलायला तिने १००० लिटर पाणी बाजूला सारलं की झालं, म्हणजे तळ पाण्यात फक्त १५ सेंटिमीटर बुडायला हवा. कार रस्त्यापासून साधारण १७ सेंटिमीटर वर असते. दोन्ही मिळून ३२. एक फुटाच्या जरा वर पाणी आलं की चाकं रस्ता सोडायला लागतात, आणि आतमध्ये पाणी शिरायच्या आधी वाहतं पाणी तिला ढकलून नेतं. वेग दुप्पट झाला की ढकलणारा जोर चौपट होतो, म्हणून आम्ही मॉडेलमधून फक्त खोली नाही, खोली गुणिले वेग असा नकाशा काढतो. वेगाने वाहणारं पाणी घोट्याच्या जरा वर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय घसरतो. आईबाबांनी पाण्यातून गाडी घालायची म्हटलं तर हा हिशोब त्यांना करून दाखव.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या मागे ओढा आहे. नवीन प्रकल्पाच्या बिल्डरने मॉडेलचा रिपोर्ट दाखवला, त्यात आमच्याकडे पाणी येत नाही असं रंगीत नकाशावर दिसतं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कमरेएवढं आलं होतं. आम्ही सामान्य माणसं, काय विचारणार? — सोसायटीचे सेक्रेटरी, पिंपरी-चिंचवड

काका, तुमच्या हातात मॉडेलपेक्षा भारी पुरावा आहे, ते कमरेएवढं पाणी. त्यांना एवढंच विचारा की दोन वर्षांपूर्वीचा तोच पाऊस तुमच्या मॉडेलमध्ये घालून दाखवा, आमच्याकडे कमरेएवढं येतं का. नाही आलं तर त्या मॉडेलचं पुढचं काहीच ग्राह्य धरायचं नाही. आमच्या भाषेत याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि रंगीत नकाशे कुणीही काढतो, हे पान मात्र बऱ्याच रिपोर्टमध्ये नसतंच. मग विचारा जमिनीची उंची कुठून घेतली आणि कुठल्या वर्षाची, कारण मध्ये कुणी भराव टाकला असेल तर जुनी उंची कामाची नाही. त्यांच्या स्वतःच्या प्लॉटचा भराव मॉडेलमध्ये धरलाय का, कारण त्यांनी दोन मीटर भर घातली की तिथे मावणारं पाणी तुमच्याकडेच येणार. आणि मोरी अर्धी तुंबलेली धरून चालवलंय का ते. ही उत्तरं लेखी मागा.

हे फक्त तुम्हाला नाही, सगळ्या वाचकांना सांगतो. जिथे जिथे मी काम केलं तिथे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो भिंतीवरच्या खुणांचा. एखाद्या आजींनी दाराच्या चौकटीवर खिळ्याने ओढलेली रेघ, दुकानदाराने शटरवर लिहिलेली तारीख. नदीवरचं मोजमाप एका पुलावर असतं, गल्लीत कुणी मोजत नाही, तिथे मॉडेल बरोबर आहे की नाही हे तपासायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही. पाणी ओसरलं की चिखलाची रेघ दोन दिवस राहते, धुवायच्या आधी ऑइल पेंटने खूण करा, तारीख लिहा, पाणी सगळ्यात वर कधी होतं ती वेळ आठवत असेल तर तीही लिहा, एक फोटो काढून सोसायटीच्या फाइलला लावा. आणि उंची मोजताना रस्त्यापासून मोजू नका, प्लिंथपासून, म्हणजे इमारतीच्या जोत्यापासून मोजा, रस्ता दर दोन-तीन वर्षांनी डांबराच्या नव्या थराने वर येतो, प्लिंथ आहे तिथेच राहते.